आजाऱ्याचा वाटा

आवडाबाईने घातलेल्या मासळीच्या वाट्याला नावं ठेवणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता. ठाकुर्लीच्या स्टेशनावर उतरून खाडीच्या दिशेने बांधाबांधाने चालत गेलं की ते आगऱ्यांचं गाव लागायचं. पुढे खाजणातली भातशेती, तिच्यापलीकडे मिठागरं, आणि या सगळ्याला खाडीपासून राखणारा मातीचा लांबलचक बांध. भात कापून झालं की गावकीचं तळं उपसायचं, सगळ्यांनी मिळून मासे धरायचे आणि सगळ्यांनी ते वाटून घ्यायचे, ही तिथली रीत. वाटून घ्यायचे म्हणायला सोपं आहे हो. एकाच्या पानात भलामोठा जिताडा आणि दुसऱ्याच्या पानात नुसते चिखलातले निवटे पडले की सख्ख्या भावांची डोकी फुटतात. म्हणून हे काम आवडाबाईकडे. ती पदर खोचून बसायची, पळसाची पानं ओळीने मांडायची, आणि बघता बघता प्रत्येक पानावर थोडे मोठे, थोडे बारीक, दोन चिंबोऱ्या, मूठभर कोलंबी असा वाटा पडायचा. तराजू कुणी कधी मागितला नाही.

सगळे वाटे घालून झाले की ती शेवटी एक पान जास्तीचं मांडायची. तो आजाऱ्याचा वाटा. गावात जो कुणी अंथरुणाला खिळलेला असेल, ज्याला तळ्यावर येता आलं नसेल, त्याच्या घरी तो पोचता व्हायचा. तो वाटा उरला असं कधी झालं नाही. एवढ्या गावात कुणी ना कुणी कण्हत असायचंच.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. त्या वर्षी तो वाटा आवडाबाईच्याच घरी आला.

तिचा गोविंदा, एकुलता एक, मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहणारा तगडा गडी, पावसाळ्यापासून खोकत होता. आधी म्हणाले, गार वारा बाधला. मग म्हणाले, नजर लागली. मग एके दिवशी त्याने फडक्यात तोंड पुसलं आणि फडकं लाल झालं. त्याची बायको शकू ते फडकं घेऊन सासूसमोर नुसती उभी राहिली. क्षय हा शब्द गावात कुणी उच्चारायचं नाही. 'मोठा खोकला' म्हणायचं आणि आवाज उतरवायचा. ज्या घरात मोठा खोकला, त्या घरची मुलगी कुणी करत नसे आणि त्या घरात मुलगी कुणी देत नसे.

आवडाबाईने मात्र लाजबीज गुंडाळून ठेवली आणि पोराला घेऊन कल्याण गाठलं. तिथे क्षयाचा एक धर्मादाय दवाखाना होता आणि त्यात डॉक्टर मंदाकिनी कर्णिक म्हणून एक बाई बसत. वयाने तिशीच्या आतबाहेर, चष्मा, आवाज शाळेतल्या मास्तरणीचा. त्यांनी गोविंदाची छाती तपासली, कफ तपासायला घेतला आणि सांगितलं, "आवडाबाई, दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर मी हात जोडले असते. आता गोळ्या निघाल्यात. रोज घ्यायच्या, न चुकता. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. मुलगा वाचेल तुमचा."

आवडाबाईला रडूच आलं. पुढच्या खेपेला तिने टोपलीतून एक जिताडा नेला. डॉक्टरीणबाईंनी टोपलीवरचं पान उचलून पाहिलं आणि मोठ्या कष्टाने परत झाकलं. कर्णिकांच्या, म्हणजे कायस्थांच्या, घरात मासळी म्हणजे काय असते ते कल्याणात कुणालाही विचारा. "मुलगा बरा झाल्यावर आणा," त्या म्हणाल्या. "आधी घेतला तर माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

आता खरी गोष्ट सुरू होते.

शेजारी लक्ष्मी राहायची. विधवा, पदरी एक मुलगी, रतन. ही लक्ष्मी म्हणजे कोण? गोविंदा जन्मला तेव्हा आवडाबाई तापाने फणफणलेली, अंगावर थेंबभर दूध नाही. लक्ष्मीचं पहिलं पोर नुकतंच गेलं होतं. तिने गोविंदाला उचललं आणि स्वतःच्या छातीशी लावलं. आवडाबाई उठून बसेपर्यंत तो लक्ष्मीच्याच दुधावर वाढला. तर ही लक्ष्मीही त्या वर्षी खोकत होती. आणि पलीकडचा म्हातारा काळुराम, आवडाबाईचा दूरचा दीर, तोही खोकत होता. दोघांपैकी कुणी कल्याणला जायला तयार नव्हतं. लक्ष्मीच्या रतनचं लग्न ठरायचं होतं. काळुराम म्हणे, मी पिकलं पान, मना कनाला दवाखाना.

आवडाबाईच्या घरात गोळ्यांची बाटली होती. गोळ्या खाऊन गोविंदाचा ताप उतरत होता. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींतून खोकला ऐकू येत होता.

म्हणाल, औषध कुणी वाटतं का? वाटतं हो. ज्या गावात शेजारणीने कोंबडं कापलं तर रस्स्याची वाटी तुमच्याकडे यायची, ज्या गावात आजाऱ्याच्या नावाचं पान मांडल्याशिवाय माशाला कुणी हात लावत नसे, तिथे उशाखाली औषध दडवून एकट्याच्याच पोराला खाऊ घालणं ही खरी लाज होती. आवडाबाईने पळसाची तीन पानं घेतली आणि गोळ्यांचे वाटे घातले. गोविंदाच्या पानात दोन-चार गोळ्या जास्त टाकल्या, तो गडीमाणूस, त्याचं अंग मोठं. त्याचीसुद्धा तिला मनातून शरमच वाटली.

दर खेपेला बाटली आली की तेच. गोविंदाला ती कधी अख्खी गोळी द्यायची, कधी अर्धी, कधी एक दिवस कोरडा. पण गंमत बघा, तिघेही सुधारले. गोविंदाच्या अंगावर मांस आलं, लक्ष्मीचा खोकला बसला, काळुराम तर होळीला पालखीमागे नाचला. लोक आवडाबाईला म्हणू लागले, बाय, तुजा हात सोन्याचा. तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

पाऊस लागला आणि गोविंदा पुन्हा पडला. या वेळचा ताप हटेना. गोळ्या चालू होत्या, आता तर आवडाबाई घाबरून त्याला सगळ्याच देत होती, पण गोळी पोटात जायची आणि ताप जागच्या जागी. तो इतका वाळला की शकूला एकटीने त्याला बसता करता येई. कल्याणला न्यायला दोघी लागायच्या, म्हणून त्या दिवशी लक्ष्मी सोबत गेली.

डॉक्टरीणबाई गोविंदाच्या छातीचा नवा एक्स-रे फोटो उजेडाकडे धरून बघत होत्या. कपाळाला आठ्या. "असं व्हायला नको होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. लक्ष्मीला वाटलं, ही बाय उगीच खट्टू झाली, हिला चांगलं काहीतरी सांगावं. ती पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "डॉक्टरीणबाय, तुजं लई उपकार. तुज्या गोल्यांनी मना बी बरा वाटला, कालूबाला बी बरा वाटला."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला.

"कोणत्या गोळ्यांनी?"

लक्ष्मीने हसतमुखाने सगळं सांगितलं. पानं कशी मांडली, वाटे कसे घातले, आवडाबाईची नजर कशी सरळ. आवडाबाईसुद्धा मान डोलवत होती. चूक झाली असेल हे तिच्या गावीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले तेव्हा कुठे आवडाबाईची डोलणारी मान थांबली.

"आवडाबाई, हे छातीतले जंतू असतात ना, त्यांना भरपूर औषध रोजच्या रोज मिळालं तर ते मरतात. थोडं थोडं मिळालं तर मरत नाहीत. सरावतात. मग तीच गोळी त्यांना चण्याफुटाण्यासारखी. गोविंदाच्या जंतूंना ही गोळी आता काही करत नाही. या बाईंच्या आणि त्या म्हाताऱ्यांच्या जंतूंनाही नसेल करत. आणि त्यांच्याकडून ज्याला लागण होईल, त्यालाही ती चालायची नाही."

आवडाबाई खाली बसली. हे तिला समजलं, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं त्यापेक्षा जास्त समजलं. बांधाला खांड पडली की अख्खं गाव धावतं आणि एका ओहोटीत ती बुजवून टाकतं. अर्धी बुजवून घरी गेलं तर येणारी भरती घातलेली माती घेऊन जातेच, वर बांधही रुंद फाडते. तिने तीन खांडी अर्ध्या अर्ध्या बुजवल्या होत्या. आणि गावभर सोन्याचा हात म्हणून मिरवली होती.

"मीच मारला गं पोराला," ती म्हणाली.

"अजून कुणी मेलेलं नाही," डॉक्टरीणबाई करड्या आवाजात म्हणाल्या. मग जरा नरमल्या. "आणि दोष एकट्या तुमचा नाही. आम्ही एकटीच गोळी दिली. आता मोठमोठ्या दवाखान्यांतून कळायला लागलंय, दोन औषधं बरोबर द्यायची. एकाला सरावलेला जंतू दुसऱ्याने मरतो. आता मी सुई देणार आहे, आणि सोबत पुडी. दोन्ही नवी, याने कधी न घेतलेली. पण हा शेवटचा डाव समजा. यालाही जंतू सरावले तर माझ्या कपाटात आज तिसरं काही नाही. यातली चिमूटभर पुडीसुद्धा कुणाला द्यायची नाही. आणि त्या दोघांना इथे घेऊन यायचं. ज्याचं औषध त्याने इथून न्यायचं."

गोविंदाची सुई सुरू झाली. पुडीचं काय सांगावं? कडू, जाड, पोटात ढवळून काढणारी. घेतली की तो ओकायचा, वर सुईने कानात भुंगे गुणगुणतात म्हणायचा, आणि एकदा तर पुडी खाडीत फेकायला उठला. आवडाबाईने त्याचं मनगट धरलं. "गोविंदा, मी तुना अर्धी गोली दिली. आता पुरी घे रं बाबा. मना दुसरी चूक करू देऊ नको." त्याने घेतली. ओकली तर पुन्हा घेतली.

काळुराम काही कल्याणला आला नाही. आवडाबाई त्याच्या ओट्यावर तासन् तास बसली, पाया पडली, शिव्या दिल्या. "तू वाटा दिलास तो खाल्ला. आता तुजा वाटा नसल तं मना औषधच नको," म्हातारा हसून म्हणाला. भाद्रपदात तो गेला. लोक म्हणाले, वय झालं होतं. आवडाबाईने त्यांना दुरुस्त केलं नाही, पण काळुरामच्या दारावरून जाताना तिचा पाय अडखळायचा. हे तिला पुढे कायमचं राहिलं.

आणि मग लक्ष्मी आली. तिचाही खोकला परतला होता. रतनचं ठाण्याकडच्या एका घरात जमलं होतं, वैशाखात लग्न. भरदुपारी, पदरात तोंड लपवून, मागच्या दाराने ती आली.

"आवडे, पुडी दे. रोज नको. एक दिवसाआड दे."

"कल्यानला चल."

"कल्यानला गेली तं चार लोकं बघतील. माजी रतन घरात बसंल. तुना म्हाईत नाय क?"

"म्हाईत हाय. पन पुडी नाय देनार."

लक्ष्मीला आधी ते ऐकूच आलं नाही. आवडाबाईच्या तोंडून 'देणार नाही' हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "गोविंदाला दूध पाजताना मी मोजून नव्हता पाजला."

ती निघून गेली. आवडाबाई चुलीपुढे बसली ती बसलीच. शकूने भात वाढला, तो तसाच गार झाला. जिच्या दुधाने पोर जगलं तिला औषध नाकारायचं, म्हणजे आपण माणूस की कोण? आणि द्यावं, तर पोरगाही जाणार आणि तीही जाणार, काळूबाच्या मागोमाग. औषधाचा वाटा पडत नव्हता, हे तिला पक्कं कळलं होतं. मग दुसऱ्या कशाचा पडतो, हे ती शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायकांची गर्दी असताना आवडाबाई हंडा घेऊन आली आणि खोकायला लागली. साधंसुधं नव्हे हो, कमरेत वाकून, छाती धरून, डोळ्यांत पाणी आणून. सगळ्या बायका कळश्या उचलून मागे सरल्या. तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मना बी मोठा खोकला लागला. पोराच्या उशाशी बसून लागला. आता रोज कल्यानला सुई घ्यायची. एकटीनं जायचा नाय, डॉक्टरीण बोलली, सोबत लागल." आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या लक्ष्मीकडे बोट केलं. "लक्ष्मे, तू येशील क सोबतीला? गोविंदाला दूध पाजलास, तूच ये."

लक्ष्मीने कळशी विहिरीच्या काठावर ठेवली आणि ती पुढे आली.

बांधावरून स्टेशनाकडे जाताना गाव मागे पडेपर्यंत लक्ष्मी दोन पावलं मागून चालत होती. मग लक्ष्मी म्हणाली, "आवडे, ह्या कनाला केलास?"

"औषधाचा वाटा पडत नाय, लक्ष्मे. नावाचा पडतो. माज्या घरात आता लगीन व्हायचा कोन राहिला? सुई तू घे, नाव मी घेते."

लक्ष्मी बांधावरच खाली बसली आणि रडली. आवडाबाईने तिला रडू दिलं आणि मग दंडाला धरून उठवलं, कारण गाडीची वेळ झाली होती.

डॉक्टरीणबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मी खोटं लिहिणार नाही. कागदावर लक्ष्मीबाईंचंच नाव जाईल."

"लिही की बाय. तुजा कागद आमच्या गावात कोन वाचतो?" आवडाबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पण अटी त्यांनी कडक घातल्या. लक्ष्मीने वेगळं झोपायचं, वेगळ्या भांड्यात प्यायचं, थुंकी डब्यात, डब्यात फिनेल, आणि रतनलाही आणून तपासून घ्यायचं. रतन निरोगी निघाली. त्या दिवशी दोघी बायका परतताना कल्याणच्या बाजारात भजी खाऊन आल्या.

सोबतीच्या नावाखाली लक्ष्मीची सुई आणि पुडी चालू राहिली. सोंग मात्र सोपं नव्हतं. आवडाबाईसाठी लोक पाण्याला वेगळा तांब्या ठेवू लागले. तिच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांना आया हाक मारून बोलावून घ्यायच्या. भात कापून झालं, तळं उपसलं, आणि ती सवयीने पदर खोचून पुढे झाली तेव्हा गावचा कारभारी राघो पाटील खाली बघत म्हणाला, "आवडाबाय, यंदा तू राहू दे. लोकांच्या तोंडचा घास हाय. रंगूबाई घालंल वाटं."

आवडाबाई लांब, बाभळीखाली जाऊन बसली. रंगूबाईने घातलेले वाटे तिला तिथूनही कमीजास्त दिसत होते. दोन पोरं भांडलीसुद्धा. शेवटी जास्तीचं पान मांडलं गेलं आणि राघोने ते आणून तिच्यापुढे लांबूनच जमिनीवर ठेवलं. धडधाकट असून तिला आजाऱ्याचा वाटा घ्यावा लागला. तिला ते फार लागलं. घरी येऊन तिने त्याचं कालवण केलं आणि गोविंदाला वाढलं, निम्मं लक्ष्मीकडे दिलं, स्वतः मात्र मिठाशी भात खाल्ला.

वैशाखापर्यंत लक्ष्मीचा कफ स्वच्छ आला होता. गोविंदाचाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, औषध अजून सोडायचं नाही, वर्ष उलटून जाईल तरी सोडायचं नाही. रतनचं लग्न थाटात झालं. धवलारीण धवले, लग्नाची गाणी, गात होती. आवडाबाईला ते सगळे पाठ, पण ती मांडवाबाहेर बसून ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पान तिला बाहेरच वाढलं, हात लांब करून. रतन पाया पडायला आली तर कुणीतरी तिला मागे खेचलं. लक्ष्मी मांडवातून हे बघत होती. नवऱ्यामुलाकडची माणसं आजूबाजूला होती. तिने मान फिरवली. आवडाबाईने पानातला लाडू मोडून खाल्ला आणि मनात म्हणाली, रतन सुखी होऊ दे, बाकी काय.

पुन्हा भात कापून झालं. तोवर गोविंदाचं औषध डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने बंद केलं होतं, लक्ष्मीचंही संपत आलं होतं. त्या दिवशी तळ्यात सगळ्यांत आधी गोविंदा उतरला. कमरेइतक्या चिखलात त्याने एक जिताडा कवटाळला आणि दोन्ही हातांनी वर उचलला. शकू काठावर उभी राहून त्याला ओरडत होती, जपून जपून म्हणून. आवडाबाई बाभळीखालून बघत होती.

मासे काठावर आले. राघोने रंगूबाईला बोलावलं. ती पानं घेऊन बसणार तेवढ्यात लक्ष्मी पुढे आली.

"थांब रंगू. पानं तिला दे." तिने बाभळीकडे बोट केलं. "तिला खोकला कदी नव्हता. खोकला मना होता. सुई मी घेतली, पुडी मी घेतली. ती नुसती नाव घेऊन बसली. माज्या रतनसाठी तिनं सव्वा वरस वालीत टाकल्यासारखा काढला. आनि मी बगत ऱ्हायली."

राघोने आधी लक्ष्मीकडे बघितलं, मग आवडाबाईकडे. "आनि रतनच्या सासरी समजला तं?"

"मीच सांगून आयली. विहीनबायनं सगला ऐकून घेतला. मग मना आत नेली आनि विचारली, त्यो दवाखाना कल्यानला कुठं हाय, माज्या भावाला लई दिसांचा खोकला हाय." लक्ष्मीने पदराने तोंड पुसलं. "मी तिला घेऊन जानार हाय. औषध त्याचं त्यालाच देतील, पुरा. सोबतीला मी बसन. कुनाला लाज वाटत असल तं माजा नाव सांगा. मी बरी झाली, बगून घ्या."

मग रंगूबाई उठली. तिने पानांचा गठ्ठा उचलला, बाभळीपाशी गेली आणि आवडाबाईच्या हातात दिला. देताना तिचा हात आवडाबाईच्या हाताला लागला, तो तिने मागे घेतला नाही. राघो पाटील घसा खाकरून म्हणाला, "घाल बाय वाटं. गेल्या वरसाला माजा कमीच पडला." त्यावर मात्र सगळे हसले.

आवडाबाई बसली. हात तसेच चालले. थोडे मोठे, थोडे बारीक, चिंबोऱ्या, कोलंबी. डोळे भरून आल्यामुळे एकदोनदा थांबली, पण वाटा चुकला नाही. पानं उचलली जाऊ लागली आणि तिने सवयीने शेवटचं एक पान मांडलं. गोविंदाने धरलेल्या जिताड्याचा मधला तुकडा त्यात ठेवला.

"ह्यो कुनाकडं धाडायचा?" तिने विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. अंथरुणाला कोण आहे? म्हातारी सगुणा पडून होती ती परवाच उठली. पाटलाच्या सुनेचा ताप उतरला. आवडाबाईची नजर काळुरामच्या बंद दाराकडे गेली आणि तिथे जरा रेंगाळली. तिथे पोचायला हवा होता तो वाटा. पण आज गावात घ्यायला कुणी नव्हतं. पान तसंच राहिलं. असं त्या तळ्यावर पहिल्यांदाच झालं.

"आये," चिखलाने माखलेला गोविंदा म्हणाला, "ती डॉक्टरीणबाय कवापासून वाट बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई आणि लक्ष्मी टोपली घेऊन कल्याणला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी वरचं पान उचललं आणि या वेळी परत झाकलं नाही. चष्मा नीट करून त्यांनी विचारलं, "हा कुणाच्या वाट्याचा?"

"आजाऱ्याच्या," आवडाबाई म्हणाली. "यंदा गावात घ्यायला कोन नव्हता."